धक्का नाही, हिसका

"हिसका बसला," बाबा म्हणाले, आणि सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी माझं डोकं फिरलं.

सलग बावीस दिवस मी हे वाक्य ऐकत होते. मी रिमोटवरचं बटण दाबायचे, पलंगाची पाठ वर यायला लागायची, ती पुरती बोटभरही उचलली गेली नसेल तोच बाबांचा चेहरा आक्रसायचा. मग पाठ पूर्ण वर येईपर्यंत ते डोळे मिटून बसायचे आणि वर आल्यावर निकाल द्यायचे.

"धक्का बसला म्हणायचंय का तुम्हाला?"

"धक्का नाही. हिसका."

"तेच ते."

"तेच ते कसं? धक्का मागून लागतो, माणूस पुढे जातो. हिसका कुणीतरी धरून ओढतं तेव्हा बसतो. गाडी खड्ड्यात गेली की बसतो तो गचका. तीन शब्द आहेत, कारण तीन गोष्टी आहेत."

बाबा चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. प्रूफरीडर म्हटलेलं त्यांना चालत नाही. अजूनही लग्नपत्रिका हातात आली की ते आधी चुका मोजतात आणि मग लग्न कुणाचं आहे ते पाहतात. औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, विजेचं बिल, बिस्किटाचा पुडा, काहीही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. अशा माणसाची मुलगी म्हणून मी लहानपणापासून वाढले आहे. त्यामुळे तीन शब्दांचा हा पाठ मला नवा नव्हता, फक्त सकाळी सात वाजता, कामावर जायची घाई असताना तो नको होता.

दोन महिन्यांपूर्वी बाबा न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि त्यांचा कमरेचा एक मणका दबला. ऑपरेशन नको, पडून राहा, असं डॉक्टर म्हणाले. पण एक गोष्ट त्यांनी बोट नाचवून तीनदा सांगितली. रोज सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास तरी बसवायचं. या वयात माणूस आडवा राहिला की छातीत कफ साठतो, आणि मग मणका राहतो बाजूला, भलतंच दुखणं निघतं.

बसवायचं तर पलंग हवा, आणि पलंग ही गोष्ट माझ्याच घरी कमी पडायचं कारण नव्हतं. मी रुग्णालयांचे पलंग बनवणाऱ्या कंपनीत चाचणी विभागात आहे. आमच्या नव्या पलंगाचे तीन नमुने तयार झाले होते. एक प्रयोगशाळेत यंत्राला जोडलेला, एक सुटा, आणि तिसरा घरगुती वापर करून पाहायचा म्हणून मी साहेबांची सही घेऊन घरी आणला. तेव्हा मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

"बाबा, ऐका," मी रिमोट खाली ठेवत म्हणाले. "या पलंगात हिसका नाही. नसावा म्हणूनच तो नव्याने केलाय. मी रोज मोजते. सेन्सर लावून मोजते. सहा हजार वेळा मोजलंय."

"मी बावीस वेळा मोजलाय."

"आणि दुपारी कसा बसत नाही तुमचा हिसका? संध्याकाळी कसा बसत नाही? मी स्वतः त्यावर झोपून पाहिलं ना रविवारी, तुम्ही खुर्चीत होतात तेव्हा? काही नाही. काहीसुद्धा नाही!"

"दुपारी नसतोच. सकाळी असतो."

"म्हणजे पलंगाला घड्याळ कळतं."

बाबांनी उशीखालची छोटी वही काढली, त्यात काहीतरी खरडलं आणि वही परत उशीखाली सरकवली. ही त्यांची रोजची पद्धत. मी ती वही कधी मागितली नाही. मला माझ्याबद्दलच्या तक्रारी वाचायची हौस नव्हती.

प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की मात्र माझा जीव थंड व्हायचा, कारण तिथे सगळं माझ्या बाजूने होतं. मधोमध पहिला नमुना पलंग, त्यावर माणसाच्या धडाइतक्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या पट्ट्याने बांधलेल्या. त्या पिशव्यांचं नाव जावईबापू. दिवसभर लोळतात, काही करत नाहीत आणि सगळे त्यांच्या दिमतीला, म्हणून. मोटार जावईबापूंना उठवून बसवायची, परत झोपवायची, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. पाठीला चिकटवलेला सेन्सर हालचालीतला प्रत्येक धक्का टिपायचा आणि पडद्यावर रेघ उमटायची.

जुन्या पलंगाची रेघ मी दहा वर्षं पाहिलेली होती. मोटार आणि पलंगाची पाठ यांच्यामध्ये चार दांड्यांची जोडणी असते. जुन्या जोडणीत पाठ अर्ध्या वाटेवर आली की दांड्या जवळजवळ एका रेषेत यायच्या, मोटार क्षणभर कण्हायची आणि मग पाठ गचकन वर जायची. रुग्णालयांतून तक्रारींचा ढीग पडला होता. नव्या जोडणीत एक दांडी वाकडी करून ती रेषच मोडली. शिवाय सांध्यांमधल्या पिनांभोवती ज्या धातूच्या बांगड्या असतात, म्हणजे बुश, त्यांच्या जागी प्लॅस्टिकचे बुश आले, तेलपाणी न मागणारे. आता रेघ इतकी सपाट यायची की पडदा बंद पडलाय की काय असं वाटावं.

"लोणी, मॅडम! एकदम लोणी!" जोडणी ज्याने काढली तो डिझाइनर रोज एकदा येऊन म्हणायचा. आम्ही त्याचं नावच लोणी ठेवलं होतं. पोरगा गुणी, पण स्वतःच्या कामावर इतका खूश की त्याला आरसा लागत नसे, नकाशा पुरत असे.

"लोणी पुरे. शुक्रवारी रिपोर्ट जायचाय," मी म्हणायचे.

शुक्रवार म्हणजे परवा. माझी सही झाली की दोनशे पलंग बनायला घ्यायचे होते. रिपोर्टचा नमुना माझाच, बारा वर्षांपूर्वी मीच आखलेला. त्यात एक रकाना होता. 'हालचालीत धक्का : आहे / नाही.' त्यापुढे 'नाही'ला गोल करायचं, एवढंच उरलं होतं. हिसक्याचा रकाना नव्हता.

फिटरमामांनी माझ्यासमोर चहाचा पेला ठेवला. मामा माझ्याही आधीपासूनचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, मितभाषी. त्यांचं हत्यारांचं कपाट उघडलं तर देवघर उघडल्यासारखं वाटतं, इतकं स्वच्छ. मी रोज साडेनऊला पोचायचे तोवर मामांनी सगळं झाडून पुसून यंत्र चालू केलेलं असायचं.

"बाबा कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"बाबांना पलंग पसंत नाही. हिसका बसतो म्हणे."

"या पलंगाला?" मामा जावईबापूंकडे बघून हसले. "वयस्कर माणूस आहे. मनाचे खेळ असतात."

मला तेवढंच हवं होतं. मी चहा संपवला.

त्याच संध्याकाळी डॉक्टर घरी येऊन गेले. दिवसा बाबांजवळ आत्या असते, तिने मला दारातच गाठलं. "छाती वाजतेय म्हणाले. सकाळी बसवत नाही का, असं विचारत होते. मी काय सांगणार? हा माणूस तू गेल्यावर मला पाठ खाली करायला लावतो आणि बारा वाजेपर्यंत आडवा राहतो."

मी खोलीत गेले. बाबा भिंतीकडे तोंड करून होते.

"खाली का करायला लावता?"

"सकाळी एकदा हिसका बसला की कंबर ठणकायला लागते. बसवत नाही मग. पडून राहिलं की तासा-दोन तासांनी उतरते कळ."

"म्हणून छातीत कफ साठवून घ्यायचा?"

"तू हिसका काढ. मी बसतो."

"नाहीये तो! नाहीये हिसका! किती वेळा सांगू?" माझा आवाज चढला. आत्या दारात येऊन उभी राहिली, तरी माझ्या तोंडाचा पट्टा थांबेना. "सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलं तुमचं. कागद संपले, आता पलंगात काढताय. एकदा तरी, एकदा तरी म्हणा ना की हे बरोबर आहे!"

 बाबांनी चष्मा काढून पोटावर ठेवला. मी तेव्हाच सॉरी म्हणायला हवं होतं. पण मला राग आला होता आणि रागात मी बरोबर आहे असंच मला वाटतं. हा माझा जुना दोष आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी रिमोट उचलला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बटण दाबायच्या आधीच त्यांचा उजवा हात हळूच बाजूच्या कठड्यावर गेला आणि बोटं आवळली गेली, नखं पांढरी होईपर्यंत. मी बटण दाबलं. पाठ वर आली. बाबांच्या घशातून एक बारीक आवाज निघाला, तो त्यांनी तिथेच दाबला.

"काय झालं?"

"काही नाही."

"हिसका?"

"काही नाही म्हटलं ना. बरोबर आहे पलंग."

बावीस दिवस हिसका बसला म्हणाले तेव्हा मी चिडत होते, आणि त्या दिवशी बसला नाही म्हणाले तर मला ते पटेना. खोटं बोलणारा माणूस आधीपासून कठडा आवळून धरत नाही. तो नंतर विव्हळतो. एवढं साधं निरीक्षण मला पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर, स्वतःच्या बापाच्या बाबतीत करता येऊ नये?

आत्या बाबांचं तोंड धुवायला आली तेव्हा मी उशी नीट करायच्या निमित्ताने वही काढली आणि स्वयंपाकघरात जाऊन उघडली.

तिच्यात माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. प्रत्येक पानावर तारीख, वेळ आणि बारीक, सुबक अक्षरात नोंद. 'स. ७.०५. हि. मोठा. पाठ उचलताना अगदी सुरुवातीस. पुढे काही नाही.' 'दु. १.००. काही नाही.' 'सं. ६.१५. काही नाही.' बावीस दिवस, एकही खाडा नाही. नवव्या दिवसासमोर समासात होतं, 'रात्री दीडला पाठ वर केली होती. आज सकाळी हि. लहान. का?' त्या 'का'खाली दोन रेघा होत्या.

म्हणजे बाबा तक्रार करत नव्हते. ते चाचणी घेत होते, आणि माझ्यापेक्षा बरी घेत होते. पलंग जितका वेळ न हलता पडून राही तितका हिसका मोठा, हे त्यांनी पेन्सिलीने शोधून काढलं होतं. आणि मी त्यांना विचारत होते, पलंगाला घड्याळ कळतं का.

मी नाश्ता न करता निघाले. वही पर्समध्ये होती. सव्वाआठला, म्हणजे रोजच्यापेक्षा सव्वा तास आधी, मी प्रयोगशाळेचं दार ढकललं.

मामा पलंगापाशी होते. यंत्र बंद होतं, सेन्सरचा दिवा बंद होता. मामा मोटारीचं बटण दाबून जावईबापूंना उठवत होते, झोपवत होते आणि तोंडाने हळूच मोजत होते. "अकरा... बारा..."

"मामा, काय करताय?"

ते दचकले नाहीत. दचकायचं काही कारण आहे असं त्यांना वाटलंच नसावं. "रोजचंच. वीस वेळा हलवून घेतो, मग मोजणी चालू करतो. रात्रभर एका जागी असतं ना मॅडम. आपणसुद्धा उठल्यावर जरा आळस देतो. मशीनला पण द्यायला लागतो."

मी जवळच्या स्टुलावर बसले.

"कधीपासून?"

"हे नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे कधीपासून, मामा?"

"तुम्हीच सांगितलं होतंत की." मामांच्या चेहऱ्यावर अगदी निर्मळ नवल होतं. "तुम्ही मुख्य झालात त्या वर्षी. ती पाठ मागे सरकवायच्या खुर्चीची टेस्ट चालली होती. रोज सकाळचा पहिला फेरा रेघेत सुळका काढायचा. तुम्ही एक दिवस एवढ्या ओरडलात, 'मामा, तो पहिला फेरा माझा अख्खा ग्राफ खराब करतो! चालू करायच्या आधी जरा हलवून घेत जा की!' तेव्हापासून घेतो. बारा वर्षं झाली. एक दिवस चुकवलेला नाही. तापात होतो तेव्हा पोऱ्याला फोन करून करायला लावलं."

मला आठवलं. ओरडल्याचं आठवलं नाही, मी तेव्हा रोजच ओरडायचे. तो सुळका आठवला. पांढऱ्या पडद्यावर सकाळी सकाळी उभा राहणारा, बाकी सगळ्या सरळ रेघेची शोभा घालवणारा. मला तो चूक वाटला होता. तो हिसका आहे, कुणाच्या तरी कमरेत बसणार आहे, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. आणि मामांनी तो माझ्यासाठी बारा वर्षं, रोज सकाळी, मी यायच्या आत झाडून टाकला होता, जमिनीवरच्या कचऱ्याबरोबर.

"काही चुकलं का?" मामांनी विचारलं.

"तुमचं नाही," मी म्हणाले. "दुसरा पलंग कुठेय? तो सुटा?"

सुटा नमुना कोपऱ्यात होता. तीन आठवडे त्याला कुणी हात लावला नव्हता. सपाट पलंग दिसला की माणसं त्यावर सामान ठेवतात, तसे त्याच्या पाठीवर कागदांचे चार जड खोके रचलेले होते. मामांनी खोके उतरवले. मी चपला काढल्या आणि आडवी झाले. तेवढ्यात लोणी आला.

"मॅडम, बरं वाटत नाही का?"

"बटण दाब."

"पण मी म्हणतो..."

"दाब रे बाबा!"

त्याने दाबलं. मोटार गुरगुरली, पण पाठ हललीच नाही. अर्धा श्वास जाईल इतका वेळ काहीच झालं नाही, आणि मग खालून टक् असा आवाज आला आणि माझ्या कमरेला कुणीतरी मुठीत धरून खसकन वर ओढलं. नंतरचा सगळा प्रवास लोण्यासारखा. माझा मणका धडधाकट आहे, तरी माझ्या तोंडून "आई गं" निघालं.

धक्का नव्हता तो. कुणी मागून ढकललं नव्हतं. हिसकाच होता. बाबांना तोच शब्द सापडला होता, कारण तोच शब्द बरोबर होता. धक्का म्हटलं असतं तर मी वाटेत कुठेतरी शोधत बसले असते. हिसका म्हटल्यावर पहिल्याच क्षणाकडे बघायला हवं होतं, काहीतरी धरून बसलंय आणि ते सोडत नाहीये, हे त्या शब्दातच होतं.

"असं होणं शक्य नाही," लोणी म्हणाला.

"झोप तू."

"आता एकदा हललाय, आता नाही येणार," मामा पाठीमागून हळूच म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज उतरलेला होता. त्यांना कळलं होतं.

लोणी तरी झोपला, आणि पाठ अर्थातच अलगद वर आली. तो उजळून काहीतरी बोलणार होता. मी त्याच्यासमोर वही धरली. त्याने पहिलं पान वाचलं, मग पुढची चार-पाच पानं, मग नवव्या दिवसाच्या 'का'वर तो थांबला. बराच वेळ डोकं खाजवून शेवटी म्हणाला, "बुश. भाराखाली तासन्तास पडून राहिला की प्लॅस्टिक पिनेला धरून बसत असणार. एकदा सुटलं की मग काही नाही." आणि अगदी लहान आवाजात, "कुणाची वही आहे ही?"

"माझ्या वडिलांची."

"इंजिनिअर होते?"

"मुद्रितशोधक होते."

अकरा वाजता मी साहेबांच्या टेबलावर रिपोर्ट ठेवला. रकान्यातलं 'धक्का' खोडून वर 'हिसका' लिहिलं होतं आणि 'आहे'ला गोल केला होता. खाली शेरा, 'नापास. बुश बदलून पुन्हा चाचणी. यापुढे पहिला फेरा मोजणीत धरावा.' सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स. निरीक्षकाच्या हुद्द्यापुढे मी लिहिलं होतं, मुद्रितशोधक (निवृत्त).

साहेबांनी ते शेवटचं दोनदा वाचलं. "ही काय थट्टा आहे?"

"बावीस दिवसांच्या नोंदी आहेत, वेळेसकट. माझ्या यंत्राकडे एकाही सकाळची नाही."

"मॅडम, दोनशे पलंग अडकतील. आणि तुम्ही हे असं लिहून दिलंत की पहिला फेरा आपण बारा वर्षं मोजलाच नाही, तर मागचे सगळे रिपोर्ट उघडावे लागतील. कळतंय का तुम्हाला? खुर्च्या, पलंग, सगळं!"

"उघडा."

"त्या फिटरला कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला? नोटीस देतो त्याला."

"मी सांगितलं होतं. नोटीस मला द्या."

साहेबांनी डोक्याला हात लावला. मला त्यांची दया आली नाही. माझीच येत नव्हती. बारा वर्षांत किती जणांनी सकाळी सकाळी कठडा आवळून धरला असेल, आणि त्यांच्या घरच्यांनी त्यांना काय काय ऐकवलं असेल, हा हिशेब मला रिपोर्टात मांडता येणार नव्हता. मी तिथून उठले.

घरी आले तेव्हा बाबा जेवून झोपलेले होते. छातीतली घरघर दारापर्यंत ऐकू येत होती. मी वही उशीखाली परत सरकवली. मनाशी ठरवलेली सगळी वाक्यं तशीच राहिली.

सकाळी सातला मी त्यांच्या खोलीत गेले. रिमोट मी हातात घेतला नाही. बाबांचा उजवा हात सवयीने कठड्याकडे निघालाच होता.

"तिकडे नको. हा हात माझ्या गळ्यात टाका."

"का? पलंग बिघडला का?"

"पहिल्यापासून बिघडलेला आहे. टाका हात."

मी एक हात त्यांच्या मानेखाली घातला, एक कमरेखाली, आणि त्यांना हळूहळू उचललं, अगदी बोट-बोटभर. माझी काही ही कला नाही, दोनदा मध्येच थांबावं लागलं. पण बाबा बसले. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, चष्म्याची काडी माझ्या कानाला टोचत होती. त्यांचं वजन किती कमी झालंय ते मला तेव्हा कळलं. पिशव्यांचं वजन मला ग्रॅमपर्यंत पाठ होतं.

तसंच त्यांना धरून मी मोकळ्या हाताने रिमोट चाचपला आणि बटण दाबलं. त्यांच्या मागची रिकामी पाठ क्षणभर अडली, खालून टक् असा आवाज आला, आणि ती हिसका खाऊन वर आली.

बाबांनी मान किंचित वळवली. "ऐकलास?"

"ऐकला."

"हिसका."

"हो बाबा, हिसका. पलंगाने त्याचा खाऊन घेतला, आता टेका तुम्ही."

मी त्यांना मागे टेकवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या. ते खोकले, मोकळा, मोठा खोकला. मला बोलायचं होतं. त्या दिवशी मी जे बोलले ते चुकीचं होतं, तुम्ही कामात चूक काढत होतात, आणि मी माणसात काढली, असं काहीतरी. पण मी एवढंच म्हणाले, "पलंग नापास केला मी काल. तुमची वही जोडून."

"झेरॉक्स नीट निघाली का? पेन्सिल आहे ती."

"निघाली."

"नवव्या पानावर एक वेलांटी चुकली होती. ती दुरुस्त करायला हवी होती."

"बाबा!"

त्यांनी वही काढली, पेन्सिलीला टोक आहे का ते पाहिलं आणि लिहायला लागले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लिहीत होते. या वेळी मी सरळ त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचलं.

'स. ७.०५. हिसका नाही. धक्का बसला. मुलीने ऐकले.'